आमच्या लॉन्ड्रीत खांदे नाहीत

विमा कंपनीकडे आमची जी माहिती आहे ती खरी मानली, तर आमच्या लॉन्ड्रीतल्या बायकांच्या अंगाला फक्त कंबर आहे. मान नाही, मनगट नाही, गुडघे नाहीत. खांदा तर आजवर एकीलाही नव्हता. माझा दुखायला लागला तेव्हा मलाही तो नसल्यासारखंच वागावं लागलं.

लॉन्ड्री हॉस्पिटलची आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं. इमारतीच्या मधोमध भिंत आहे आणि त्या भिंतीतच धुलाईची मशीनं बसवलेली आहेत. मशीनला दोन दारं. एक मळक्या बाजूला उघडतं, दुसरं स्वच्छ बाजूला. मळक्या बाजूला गाठोडी येतात. ती सोडायची, निवडायची आणि मशीनमध्ये कोंबायची. स्वच्छ बाजूला तेच कपडे ओले बाहेर येतात आणि रोलरखालून जाऊन कोरडे, कडक होतात.

रोलर म्हणजे गरम लोखंडी रूळ, एका खाटेपेक्षा लांब. समोर दोघी जणी उभ्या राहतात. एकीने चादरीचं एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, दोघींनी एकदम झटकायची, डोक्याच्या वर न्यायची आणि पट्ट्यावर सरळ सोडायची. तिरकी गेली तर चुण्या पडतात आणि सुपरवायझरचं तोंड सुटतं. मी उजव्या टोकाला, लंबू डाव्या. लंबू म्हणजे माझी जोडीदारीण. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, त्यामुळे तिच्याबरोबर चादर धरायची तर मला कायम टाचा उचलाव्या लागतात. मी तिला म्हणायचे, तुझ्या आईने तुला थोडं लवकर थांबवायला हवं होतं. ती म्हणायची, तुझ्या आईने तुला अर्ध्यावर सोडलं त्याचं काय.

रोलरवर यायला मला पुष्कळ वर्षं लागली. त्याआधी मी मळक्या बाजूला होते. तिथे काय असतं ते जेवताना वाचू नका. चादरीत माणसाच्या शरीरातून जे जे बाहेर पडू शकतं ते सगळं येतं. एकदा कवळी आली होती, पूर्ण, वरची. आणि येतात सुया. नर्स घाईत असते, सुई गादीवर राहते, चादर गोळा होते, आणि ती सुई आमच्या हातमोज्यातून बोटात शिरते. मग रक्त तपासायचं, महिनेन् महिने थांबायचं, पुन्हा तपासायचं, आणि तोपर्यंत घरात कुणाला जवळ घेताना दोनदा विचार करायचा. मळक्या बाजूला कुणी "सुई" म्हटलं की जिचा हात जिथे असेल तिथेच थांबतो. अशा ठिकाणाहून आलेली मी. मला कुणी म्हणालं असतं की एक दिवस तू पदरचे पैसे देऊन अंगात सुया टोचून घेशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खांद्याची सुरुवात केसांपासून झाली. एका सकाळी केस बांधायला हात मागे नेला तर तो कानाशीच अडला. पुढे कपडे घालताना बाही हे संकट झालं. रात्री त्या कुशीवर वळले की जाग यायची. रोलरवर मी डाव्या हाताने उजव्याला खालून टेकू द्यायला लागले. हॉस्पिटलातल्या डॉक्टरने खांदा गोठला असं सांगितलं. गोळ्या दिल्या, त्यांनी खांदा सोडून पोट जाळलं. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला, तोही मी केला. कधी सुटेल विचारलं तर म्हणाला, काही महिन्यांत सुटेल किंवा दोन वर्षंही लागतील. एवढं तर मीही सांगू शकले असते.

सुयांचं माझ्या नणंदेने काढलं. तिला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कुणीतरी माहीत असतं. तिची अर्धशिशी म्हणे एका बाईंनी सुया लावून घालवली होती. माझा नवरा म्हणाला, ताईची अर्धशिशी तिच्या सासूबाई गावी राहायला गेल्यापासून गेली आहे. पण हात एवढा आखडला होता की मी कुणाचंही ऐकलं असतं.

त्या बाईंचा दवाखाना सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होता. दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीवर माणसाच्या शरीराचं ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र. बाई आधी नर्स होत्या, पुढे कुठेतरी रीतसर शिकून आल्या होत्या आणि त्यांचा परवाना चौकटीत लावलेला होता. मी आधी परवाना पाहिला नाही. मी पाहिलं की वापरलेल्या सुया त्या कुठे टाकतात. बंद पिवळ्या डब्यात टाकत होत्या, प्रत्येकीला नवीन पाकीट फोडत होत्या. तेव्हा मी खाटेवर पडले.

सुया केसाएवढ्या बारीक असतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, नंतर जडपणा येतो. बाई त्या लावून पडदा ओढून निघून जायच्या. काही दिवसांनी माझा हात वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत गेला. हे सुयांनी झालं, की अर्धा तास कुणी हाक न मारता पडून राहायला मिळालं म्हणून झालं, ते मला सांगता येणार नाही. बाईंनाही मी विचारलं. त्या म्हणाल्या, काहींना गुण येतो, काहींना येत नाही, तुम्हाला येतोय तर घ्या. हे सरळ बोलणं मला आवडलं.

प्रश्न पैशांचा होता, तो तर सगळ्यांनाच असतो. बाईंची फी वाजवी होती पण माझा पगार वाजवी नव्हता. म्हणून मी विमा कंपनीला फोन लावला. आमच्या पगारातून दर महिन्याला विम्याचा हप्ता कापतात, मग निदान विचारायला काय जातं. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगा आला. अ‍ॅक्युपंक्चर आमच्या पॉलिसीत बसतं का, असं विचारलं. तो आनंदाने म्हणाला, बसतं. मलाही आनंद झाला. मग त्याने दुखणं कुठे आहे ते विचारलं.

"खांद्यात," मी म्हणाले.

"मग नाही बसत, मॅडम. फक्त जुनी कंबरदुखी असेल तर."

"का?"

"पॉलिसीत तसं आहे."

"कंबरेच्या सुया वेगळ्या येतात का?"

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग म्हणाला, आणखी काही मदत हवी आहे का. मी म्हणाले, आधीची तरी कुठे झाली. त्याने फोन ठेवला. त्याच्यावर माझा राग नाही. तोही कुठेतरी खुर्चीत बसून मान आखडवून घेत असणार, आणि त्याची मानही त्याच्या पॉलिसीत बसत नसणार.

दुसऱ्या दिवशी मी हे रोलरवर लंबूला सांगितलं. तिने चादर झटकता झटकता माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी आजच जन्मले.

"अगं बये, मग कंबर सांग ना. मी काय खांदा सांगितला होता?"

तेव्हा मला कळलं. लंबूने कंबर सांगितली होती. चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावरच्या मावशींनी सांगितली होती. रोलरवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईचा खांदा कधी ना कधी गेला होता, आणि मालिश असो, शेक असो, सुया असोत, प्रत्येकीने कंबर लिहून घेतली होती. मी मळक्या बाजूने उशिरा आलेली, म्हणून मला कुणी सांगायचं राहिलं होतं. नव्या बाईला इथे पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगतात. पाणी कुठे, संडास कुठे, आणि काहीही दुखलं तरी कंबर.

लॉन्ड्री चालवणाऱ्या कंपनीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो आणि साबणाच्या पोत्यांच्या खोलीत टेबल टाकून बसतो. त्याच्या चिठ्ठीशिवाय विमा पुढे सरकत नाही. मी आत गेले. मी खुर्ची ओढायच्या आधी त्याने "जुनाट कंबरदुखी" लिहून टाकलं होतं. मला हात लावला नाही, कुठे दुखतं विचारलं नाही. फक्त म्हणाला, पुढच्या बाईला पाठवा. चिठ्ठी घेऊन मी बाहेर आले. फसवल्यासारखं मला काही वाटलं नाही. ज्याचे पैसे आपणच भरतो त्याच्याकडून आपल्याच हातासाठी थोडे परत घ्यायचे, यात मला पाप दिसलं नाही. आजही दिसत नाही.

अडचण सुयांच्या बाईंकडे आली. त्या म्हणाल्या, "मी जिथे सुई लावते तेच बिलात लिहिते. माझा परवाना आहे तो."

"मग कंबरेतही लावा."

"दुखत नसताना?"

"तिला काही वाटणार नाही. तिला सवय आहे."

बाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या पाकिटं नीट लावत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, पालथ्या व्हा. आणि त्या दिवसापासून आधी चार सुया कंबरेत, मग बाकीच्या खांद्यात. बिलात कंबर लिहिली जायची आणि ते खोटं नसायचं. माझी धडधाकट कंबर रोज टोचून घेत होती, खांद्याचं भाडं भरल्यासारखी. विमा कंपनीने एकही प्रश्न विचारला नाही.

हात सुधारत होता. कानापर्यंत गेला, कानाच्या वर गेला. केस मी स्वतः बांधायला लागले, वाकडे का होईनात. बाई म्हणाल्या की अर्धं काम झालं, आता मध्ये सोडू नका, नाहीतर पुन्हा आखडेल आणि दुसऱ्यांदा सोडवणं अवघड जातं.

त्याच सुमारास सुपरवायझरने आम्हा सगळ्यांना रोलर बंद करून गोळा केलं. रोलर एरवी आग लागल्याशिवाय बंद होत नाही, त्यामुळे आम्ही ओळखलं की काहीतरी गंभीर आहे. तो म्हणाला, विमा कंपनीने तक्रार केली आहे की या लॉन्ड्रीत कंबरदुखीचे क्लेम फार आहेत. आपल्या कंपनीला कामगारांची काळजी आहे. म्हणून ज्यांची कंबर दुखते त्यांना यापुढे उभ्याचं काम द्यायचं नाही. त्यांना बसायचं काम मिळेल.

बसायचं काम आमच्याकडे एकच आहे. मळक्या बाजूचं निवडायचं टेबल. तिथे स्टुलं आहेत.

घडीवरच्या मावशी म्हणाल्या, आमची कंबर बरी आहे हो. सुपरवायझर म्हणाला, मग इतके दिवस उपचार कसले घेतलेत? तसं असेल तर लिहून द्या, विमा कंपनी काय ते बघेल. मावशी खाली बघायला लागल्या. मग त्याने दुसरी वाट सांगितली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर सगळ्यांना तपासणार. जिची कंबर बरी झाली असं तो लिहील ती आपल्या जागी राहील. अर्थात तिचे उपचार बंद, बऱ्या कंबरेवर कोण खर्च करणार.

त्या दुपारी अख्ख्या लॉन्ड्रीची कंबर बरी झाली. जेवायच्या सुट्टीत एकेक जण दुसरीला वाकून दाखवत होती. लंबूने तर तळहात जमिनीला टेकवले आणि म्हणाली, बघ, सोळा वर्षांची झाले. मीही हसले. मग घरी जाऊन मी हात वर केला. कानाच्या थोडा वर गेला आणि थांबला.

हिशेब सरळ होता. कंबर बरी झाली म्हटलं की रोलर राहणार, सुया जाणार. सुया गेल्या की रोलर हा हात पुन्हा खाणार. मग वर्षभरात मी मळक्या बाजूला जाणारच, आणि तेव्हा हातही गेलेला असणार. नवरा म्हणाला, हात तुझा आहे, तू ठरव. पाच मिनिटांनी पडल्या पडल्या म्हणाला, पण रोलर सोडू नकोस. मी म्हणाले, मग ठरवायचं काय राहिलं?

मी अर्धी रजा टाकून कामगार कार्यालयात गेले. जिन्याखाली एक साहेब बसतो, कामावर झालेल्या इजा तो बघतो. त्याने सांगितलं की कामामुळे शरीराचा कुठलाही भाग निकामी होत असेल तर उपचार कंपनीने करायचे. विम्याशी त्याचा संबंध नाही. डॉक्टरने सुया सांगितल्या आणि बाई परवानाधारक असतील तर सुयाही. खांदा असो, कंबर असो, करंगळी असो. मला वाटलं, झालं, सुटले. मी म्हणाले, मग लिहा. रोलरने माझा खांदा गेला.

त्याने आमच्या लॉन्ड्रीची फाइल मागवली. चष्मा लावून मागे मागे उलटत गेला. मग मान वर केली.

"तुमच्याकडे खांद्याची एकही तक्रार नाही."

"असेल. नीट बघा."

"बाई, रोलर बसवल्यापासून एकही नाही. सगळ्या कंबरा. खांद्यांच्या बाबतीत तुमच्याएवढी सुखी लॉन्ड्री मी पाहिली नाही."

तो टिंगल करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मला आधी त्याचा राग आला. मग विमा कंपनीचा, मग डॉक्टरचा. बसमध्ये घरी येईपर्यंत एकेकाला शिव्या घालून झाल्या आणि शेवटी उरलो आम्ही. लंबू, मावशी, आमच्या आधीच्या, त्यांच्या आधीच्या, आणि मी. प्रत्येकीने आपापल्या चार सुयांसाठी, दोन मालिशांसाठी कंबर सांगितली आणि त्या रोलरला धुवून पुसून स्वच्छ ठेवलं. तो आमचे खांदे काढून घेत होता आणि आम्हीच त्याच्या बाजूने साक्ष देत होतो, ओळीने. असली चूक शहाण्या माणसाला सुचली नसती. त्यासाठी आमच्यासारखी हुशारीच लागते.

निघताना साहेबाने एक गोष्ट सांगितली होती. एकीचा खांदा म्हणजे एकीचा खांदा, म्हणाला, तो घरीही दुखावू शकतो. दोघींचे झाले, एकाच मशीनवरच्या, तर मला मशीन बघायला यावं लागेल आणि कंपनीला उपचार द्यावे लागतील. मात्र खांदा लिहिला की निकाल लागेपर्यंत रोलरवर उभं राहता येणार नाही. मी विचारलं, आणि आधी लिहिलेल्या कंबरेचं काय? तो फाइल बांधत म्हणाला, ते मी ऐकलं नाही.

दुसरी म्हणजे लंबू. दुसरं कोण? तिचाही हात दीड वर्षापासून अडत होता. ती उंच असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, एवढंच. जेवायच्या सुट्टीत मी तिला बाहेर कपड्यांच्या गाड्यांमागे नेलं आणि सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग डबा बंद केला.

"तू जा. मला ओढू नकोस."

"एकटीने होत नाही म्हणतोय तो."

"मग नको होऊ दे. तुला माहीत आहे मी तिथून कशी आले."

माहीत होतं. मळक्या बाजूला तिला सुई टोचली तेव्हा तिची धाकटी अंगावर पीत होती. डॉक्टरांनी सांगितलं, तपासण्या होईपर्यंत पाजू नका. पोर रडायची आणि ही दुसऱ्या खोलीत दार लावून बसायची. शेवटी काही निघालं नाही. पण पोरगी पुन्हा अंगावर प्यायली नाही. रोलरवर जागा झाली तेव्हा लंबूने सुपरवायझरच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मी म्हणाले, हात गेला की तिथेच पाठवतील तुला. ती म्हणाली, जाईल तेव्हा जाईल, तोपर्यंत तरी मी इकडे आहे. मग जाता जाता वळून म्हणाली, "आणि तुझं तोंड जरा आवर. तू खांदा म्हणालीस की आमच्या कंबरेवर येणार." पुढचे दिवस तिने चादर माझ्याबरोबरच धरली, पण एक शब्द बोलली नाही. चादर मात्र एकदाही तिरकी गेली नाही.

तपासणीच्या दिवशी साबणाच्या खोलीबाहेर रांग लागली. माझ्या मागे लंबू. आतून डॉक्टरचा आवाज यायचा, वाका, आणखी, छान, पुढची. माझा नंबर आला.

"वाका."

मी वाकले. तळहात पुरते टेकवले. माझी कंबर खरंच चांगली आहे. डॉक्टर खूश झाला. सुयांचा गुण दिसतोय म्हणाला आणि लिहायला लागला.

"कंबर लिहू नका," मी म्हणाले. "माझा खांदा गेलाय. उजवा."

त्याने पेन उचलला. "मग आधी कंबर का सांगितलीत?"

"मी नव्हती सांगितली. मी बसायच्या आधी तुम्ही लिहिली होती."

त्याने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. तो उठला, दार लावलं, परत येऊन बसला. मग त्याचा आवाज बदलला, खालचा झाला. म्हणाला, बाई, तुमच्या भल्याचं सांगतो, हे आता लिहिलं तर तुमचा रोलर जाईल. मी म्हणाले, माहीत आहे. तो म्हणाला, विमा कंपनी मागचं काढेल. मी म्हणाले, काढू दे, मागच्या प्रत्येक चिठ्ठीवर सही कुणाची आहे तेही निघेल. मी हे धमकी म्हणून बोलले नव्हते. पण त्याला ती धमकी वाटली आणि मीही ती मागे घेतली नाही.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने आमच्यातल्या एकीला हात लावला. खांदा चाचपला, हात वर न्यायला सांगितला, मागे न्यायला सांगितला, कुठे अडतो ते बघितलं. त्याला ते काम येत होतं. मला त्याचाच जास्त राग आला. येत होतं आणि करत नव्हता.

तो "उजवा खांदा" लिहून थांबला. मी म्हणाले, रोलरमुळे, असं लिहा. तो म्हणाला, कारण मी लिहू शकत नाही, ते सिद्ध व्हावं लागतं. मी म्हणाले, ठीक, मग मी दिवसभर काय करते ते लिहा. ओली चादर झटकून डोक्याच्या वर नेते आणि सोडते, हे तर खरं आहे ना, ते कुणी सिद्ध करायला नको. त्याने पेन पुन्हा टेकवला आणि लिहिलं. मी वाचून घेतलं, मगच उठले.

बाहेर येऊन मी लंबूला वाट दिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. दार लागायच्या आधी मला ऐकू आलं, वाका.

सुपरवायझरने मला तिथूनच मळक्या बाजूला पाठवलं. जुन्या हुकावर एक ॲप्रन होता, जाड हातमोजे होते. वास तसाच होता, पहिल्या पाच मिनिटांत डोक्यात शिरणारा. मी टेबलाशी स्टूल ओढलं आणि पहिलं गाठोडं सोडलं. बोटं आपोआप जुन्या सवयीने चालायला लागली, आधी वरून चाचपायचं, मग कडा, मग उलगडायचं. माझ्या शेजारी एक नवी मुलगी होती. ती माझे हात बघत होती. मी तिला म्हणाले, मुठीत धरू नकोस, कडेने उचल.

बराच वेळ गेला. मी मनाशी म्हणून टाकलं की लंबू वाकली आणि गेली आपल्या जागी. मला तिचा राग येईना. तिच्या जागी मी असते तर मीही वाकले असते, कदाचित.

मग दार उघडलं आणि लंबू आली. ॲप्रन तिला गुडघ्यापर्यंतच येत होता. तिने माझ्याकडे न बघता हातमोजे चढवले, एकेक बोट ओढून बघितलं, भोक नाही ना. समोरचं स्टूल पायाने सरकवलं आणि बसली.

"आधी वाकले मी," ती म्हणाली. "तो म्हणाला, छान. मग म्हणाला, हात वर करा. आधी कुणाला सांगत नव्हता तो हात वर करायला. तुझ्यापासून सुरू केलंन."

"मग?"

"मग काय, डोंबल. करायला गेले आणि कळ आली. डोळ्यात पाणी आलं माझ्या. तो म्हणतो, खांदा लिहू का. म्हटलं, लिही बाबा एकदाचा."

मी तिच्यापुढे एक गाठोडं सरकवलं. काही बोलले असते तर तिने चादर माझ्या अंगावर फेकली असती.

"तुझ्यामुळे आले इथे," ती म्हणाली. "लक्षात ठेव. मला सुई टोचली तर तुझ्या दारात येऊन बसेन."

"ये. भाजी निवडायला माणूस हवंच आहे."

ती हसली नाही, पण गाठोडं सोडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, त्या सायकलवाल्याच्या वरच्या बाई संध्याकाळी बसतात का. मी म्हणाले, बसतात. साहेबाकडे उद्या दोघींनी जायचं, हेही ठरलं. रजेचा अर्ज मात्र तू लिही, म्हणाली, तुला लिहायची फार खाज आहे.

दोन्ही बाजूंच्या मधल्या भिंतीत एक काच आहे, मशीनच्या वर. तिच्यातून पलीकडचं दिसतं पण ऐकू येत नाही. रोलर चालू होता, वाफ निघत होती, आणि त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. ओल्या चादरींच्या गाड्या भरून उभ्या होत्या. सुपरवायझर घाईघाईने इकडून तिकडे जात होता. मग त्याने घडीवरच्या, ड्रायरवरच्या सगळ्या बायकांना एका ओळीत उभं केलं. रोलरवर घालायला त्याला दोघी हव्या होत्या, आणि घालायच्या आधी त्याला खात्री हवी होती.

त्याने पहिलीसमोर उभं राहून स्वतःचा हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. असं करा. तिने केला. तिचा हात कानाशी थांबला. तो दुसरीकडे वळला. मावशी होत्या. मावशींनी डाव्या हाताने उजव्याला खालून आधार दिला तेव्हा त्याने मान हलवली आणि आधार काढायला सांगितलं.

लंबूने हातातली चादर टेबलावर ठेवली. आम्ही दोघी चौथ्या बाईपर्यंत बघत होतो. मग दाराशी नवी गाडी आली आणि आम्ही गाठोडी उतरवायला उठलो.